खाण्याचा रकाना

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी तीन वर्षं वकिली केली होती. अमेरिकेत आल्यावर ती तीन वर्षं कुठल्याच कागदावर धरली जाईनात. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी त्याच्या व्हिसावर आलेली, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. पहिली काही वर्षं वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये मुलगी वाढवली, बर्फात गाडी चालवायला शिकले, लायब्ररीतून कायद्याची पुस्तकं आणून वाचली. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. या राज्यात वकील व्हायचं तर पदवी इथलीच हवी, म्हणून परत पहिल्या वर्षात नाव घातलं. संध्याकाळचं कॉलेज, चार वर्षं. आई फोनवर विचारायची, "आता काहून शिकून राहिली तू? शिकली होतीस ना एकदा?"

पुढे आम्ही एडिसनला घर घेतलं आणि ओक ट्री रोडच्या एका बाजूच्या गल्लीत, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर, मी माझं ऑफिस थाटलं. मृत्युपत्रं, घरखरेदीचे कागद, ट्रॅफिकची तिकिटं, व्हिसाचे अर्ज, जे येईल ते मी करत होते. राजकारणाचा विचारही मनात नव्हता. तो आला एका काकूंमुळे.

मार्च महिना होता. सुती साडीवर जाड जॅकेट आणि पायात स्नीकर्स घातलेल्या सत्तरीच्या एक बाई जिना चढून आल्या. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं. ते त्यांनी वाचलं, क्षणभर थांबल्या, मग आत आल्या. टेबलावरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीकडेही त्यांची नजर गेली. आम्ही बौद्ध, आणि आमचं आडनाव महाराष्ट्रातल्या माणसाला पुरेसं सांगून जातं. त्या पुण्याच्या होत्या. त्यांच्या आडनावावरून मलाही कळायचं ते कळलं.

"किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, मराठी वकीलबाई आहेत," काकू म्हणाल्या. "माझे मिस्टर नर्सिंग होममध्ये आहेत. ते त्यांच्या पोटात नळी घालायची म्हणतायत."

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडे छोटं खाजगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. इथे ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही अशी म्हातारी माणसं तिथे राहतात, काही महिने, काही कायमची. काका पुण्यात तंत्रनिकेतनात तीस वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत होते, तेही इंग्रजीतून. निवृत्तीनंतर दोघं मुलाकडे आले. मग काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, आणि सोबत सगळं इंग्रजी गेलं. मराठी तेवढं उरलं, तेही तुटक. मुलाची नोकरी त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला हलली. तो दर पंधरा दिवसांनी विमानानं यायचा, बाकीचे दिवस काकू एकट्या.

"ते जेवत नाहीत का?" मी विचारलं.

"माझ्या हातचं जेवतील. पण बाहेरचं अन्न न्यायला बंदी आहे. तिथे रोज चिकनचा नाहीतर टर्कीचा लगदा येतो. हे तोंड फिरवतात. आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही हो त्यांनी."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. व्हेजिटेरियन, व्हेजिटेरियन म्हणाले. दोन दिवस उकडलेली गाजरं आली, मग परत तेच."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. तिथली व्यवस्थापक बाई वाईट नव्हती. थकलेली होती. तिनं काकांची फाइल उघडून दाखवली. पानामागून पान एकच शेरा होता: रुग्ण अन्न नाकारतो. वजन उतरत होतं, त्यामुळे डॉक्टरांनी नळीचा निर्णय घेतला होता. बाहेरच्या अन्नाला बंदी का, तर पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो, एखादा घास श्वासनलिकेत गेला तर जबाबदारी त्यांच्यावर. हेही खरंच होतं.

मी म्हटलं, "नळी घालण्याआधी एकदा घरचं जेवण देऊन बघा. गिळणं तपासणाऱ्या तुमच्या थेरपिस्टच्या समोर. काय मऊ असायला हवं, किती पातळ, ते लिहून द्या. तसंच करून आणू." तिनं भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. मग तिनं गुरुवारी दुपारची वेळ दिली.

बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला. त्यांना ताप भरला होता, आणि ताप असलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. मुलगा शनिवारी येणार होता.

"मी करते काकू," मी म्हटलं. "मऊ भात आणि मुगाचं वरण ना? कसं लागतं त्यांना ते सांगा."

भात किती मऊ, हिंग किती, ते त्यांनी सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे… वेगळी भांडी आहेत का हो?"

आमच्या घरी मटण शिजतं, मासे होतात. शाकाहारी माणसासाठी हा प्रश्न साधाही असू शकतो. तसा तो मी इतरांकडून हसत ऐकलाही होता. पण वाक्याच्या मधोमध त्या जशा थांबल्या, तसं थांबणं मी लहानपणापासून ओळखते. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी मला पाणी दिलं की तिची आई तो पेला मोरीच्या कट्ट्यावर निराळा ठेवायची. तीही फार गोड बोलायची.

"नवीन आणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

इंडियन स्टोअरमधून स्टीलचं एक पातेलं, झाकणी, चाळणी, डबा आणि डाव आणला. संध्याकाळी नवऱ्यानं ओट्यावर ते पाहिलं आणि विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं. तो सहसा चिडत नाही. त्या दिवशी त्यानं पातेलं उचललं, परत ठेवलं.

"तू करू नकोस हे," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं दुसरा वकील बघा."

"उपाशी त्या नाहीत. काका उपाशी आहेत."

मुलगी तेव्हा नववीत होती. ती जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, दॅट्स नॉट ओके. तुला माहितीये ना?"

"माहितीये," मी म्हटलं. वाईट वाटत होतं, ते मी त्या दोघांपासून लपवलं नाही. पण सकाळी उठून तांदूळ धुतले. भात इतका शिजवला की डावानं सहज घोटला जाईल. वरणात हिंग, हळद, थोडं तूप. थेरपिस्टनं लिहून दिल्याप्रमाणे सगळं चाळणीतून काढलं.

गुरुवारी काकांच्या पलंगाभोवती व्यवस्थापक बाई, आहारतज्ज्ञ, थेरपिस्ट आणि मी, अशा चौघी उभ्या होतो. काकांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा त्यांनी मान वळवली. थेरपिस्टनं पहिला चमचा दिला. त्यांनी तो तोंडात धरला, गिळला. थेरपिस्टनं गळ्याला बोटं लावून पाहिलं आणि मान डोलावली. दुसरा, तिसरा. चौथ्या चमच्यानंतर काका माझ्याकडे बघून सावकाश, पण स्पष्ट म्हणाले, "मीठ कमी आहे."

"काय म्हणाले?" तिघींनी एकदमच विचारलं. मी सांगितलं. आहारतज्ज्ञ हसायला लागली, मग बाकीच्याही. सहा आठवड्यांत तिथल्या कुणीही त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी सगळी वाटी संपवली.

नळी टळली. रोज एक डबा न्यायची परवानगी मिळाली. निघताना व्यवस्थापक बाईनं काकांचा दाखल होतानाचा फॉर्म पुढे केला. "मी हे लिहू कुठे, सांगा," ती म्हणाली. ॲलर्जीचा रकाना होता. साखर, मीठ, पातळ की घट्ट, हे सगळे रकाने होते. माणूस काय खातो आणि काय खात नाही, याला जागा नव्हती. "वरून जे विचारायला सांगतात तेवढंच आम्ही छापतो," ती म्हणाली, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: मांस नाही, अंडं नाही, भात आणि डाळ आवडते.

ते पेन्सिलीचं लिहिणं माझ्या डोक्यातून जाईना. नर्स बदलली, फाइल बदलली की ते जाणार. मी आमच्या भागाच्या आमदारांना पत्र लिहिलं. इथेही राज्याची विधानसभा असते, राजधानीत, ट्रेंटनला भरते, आणि सदस्य आपापले नोकरीधंदे सांभाळून तिथे जातात. आमदार सत्तरीचे, पूर्वी शाळेत गणित शिकवणारे, दोन्ही कानांना यंत्र. त्यांनी मला बोलावून घेतलं, तासभर ऐकलं आणि छोटंसं विधेयक मांडलं. समितीपुढे बोलायला मला तीन मिनिटं मिळाली. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढे काहीच झालं नाही. दोन वर्षांचं सत्र संपलं, त्याबरोबर विधेयकही संपलं.

"मी आता पुन्हा उभा राहणार नाही," आमदार मला म्हणाले. "तुम्ही उभ्या राहा."

मी हसले. ते हसले नाहीत.

मी तोवर इथली नागरिक झाले होते. पक्षाची उमेदवारी मिळवायची तर आधी पक्षातलीच निवडणूक, प्रायमरी. मी दारोदार फिरले. आपल्या लोकांच्या घरांत चहा मिळायचा, पोहे मिळायचे, मग यजमान ओशाळून म्हणायचे, "आम्ही व्हिसावर आहोत हो, आम्हाला व्होट नाही." ज्यांना मत होतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी नावच नोंदवलं नव्हतं. "यार, वेळच मिळत नाही." एका घरी एका गृहस्थांनी पत्रक हातात घेऊन विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" पत्रकावर ते छापलेलंच होतं. शेजारच्या आफ्रिकन अमेरिकन बाईंनी मात्र पायरीवर बसवून अर्धा तास आपल्या आईच्या नर्सिंग होमचं सांगितलं. तिला तिथे कॉर्नब्रेड, मक्याच्या पिठाचा पाव, हवा असायचा.

पहिल्या प्रायमरीत मी हरले. थोड्या मतांनी नव्हे, चांगलीच हरले. नवरा म्हणाला, "झालं ना आता?" मी म्हटलं, "झालं." पुढचा आठवडाभर ऑफिसात जुन्या फाइली लावत बसले.

त्याच वर्षी काका गेले. शेवटचे सात महिने ते घरी होते, काकूंच्या हातचं जेवत. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "आईला आता सांता क्लाराला नेतो." काकू म्हणाल्या, "येईन. पण आधी इथलं एक काम आहे." मला वाटलं घर आवरायचं असेल.

पुढच्या निवडणुकीला काकूंनी किराणा दुकानाच्या दाराशी घडीचं टेबल मांडलं. मतदार नोंदणीचे कोरे फॉर्म, दोन पेनं आणि लिमलेटच्या गोळ्या. स्वतःला मत नव्हतं, पण आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायच्या. "तुम्ही सिटिझन ना? मग नाव आहे का यादीत? भाजी काही पळून जात नाही, आधी हे भरा." थंडीत दोन तास, पाच शनिवार. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "तू तुझी दारं वाजव." तू कधीपासून म्हणायला लागल्या, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

या वेळी मी निवडून आले. जानेवारीत शपथ घेतली. आई नागपूरहून आली होती, निळी साडी नेसून गॅलरीत बसली होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "तू काय बोलली ते समजलं नाही. पण तुझा आवाज हलला नाही."

पहिलं विधेयक मी तेच मांडलं. शाकाहारापुरतं ते ठेवायचं नव्हतं. कोण काय खातं यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या देशातून मी आले होते, आणि एकाच तऱ्हेच्या ताटाला कायद्यानं मान द्यायचा नव्हता. दाखल होताना प्रत्येक माणसाला, तो काय खातो, हे त्याच्या भाषेत विचारायचं, रकान्यात लिहायचं आणि तसं द्यायचं, एवढंच त्यात होतं. नर्सिंग होमवाल्यांच्या संघटनेचा विरोध झाला. त्यांचं म्हणणं, स्वयंपाकघरं लहान आहेत, माणसं कमी आहेत. ते खोटं नव्हतं. शेवटी 'तसं द्यायचं' याच्या जागी 'तसं देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा' असं झालं, आणि बदल्यात घरचं जेवण सरसकट बंद करता येणार नाही, हे कलम टिकलं. मला पहिला शब्द हवा होता. दोन दिवस मी मसुदा टेबलावर तसाच ठेवला. मग तो बदल मान्य करून सही केली.

समितीपुढे साक्ष द्यायला काकू आल्या. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिनं शेजारी बसून इंग्रजी केलं. काकू फार थोडं बोलल्या. "माझे यजमान सहा आठवडे उपाशी होते. त्यांना रोज विचारायचे, दुखतंय का? काय खाणार, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तेवढं मराठी त्यांना येत होतं." समितीनं विधेयक पुढे पाठवलं.

परतताना मी गाडी चालवत होते. मुलगी मागे झोपली होती. काकू बाहेर बघत होत्या.

"मी त्या दिवशी भांड्यांचं विचारलं होतं," त्या एकदम म्हणाल्या. "तुला लागलं असेल."

"लागलं होतं," मी म्हटलं.

"मटणासाठी विचारलं असं मी मुलाला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत होते." त्यांनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "ते नव्हतं. मला तेव्हाही कळत होतं मी काय विचारतेय."

असू द्या, म्हणावंसं वाटलं नाही, कारण ते असू देण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हटलं, "सांगितलंत ते बरं केलंत." त्यांनी मान हलवली. एडिसनची वस्ती सुरू झाली तशी त्या म्हणाल्या, "आज जेवायला थांबते तुझ्याकडे. काहीही कर."

मी पिठलंभात केला. नवऱ्यानं त्यांना दोनदा वाढलं. तोही त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलला.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, त्यावर गव्हर्नरची सही झाली. मोठ्या बातम्यांत ते कुठेच नव्हतं. काकू सांता क्लाराला गेल्या. रविवारी फोन करतात, तिथे कढीपत्त्याचं झाड कुंडीत कसं वाढतं ते सांगतात. मी सोमवारी आणि गुरुवारी ट्रेंटनला असते, बाकीचे दिवस दातांच्या डॉक्टरच्या वर.

मागच्या महिन्यात माझ्याच मतदारसंघातल्या एका नर्सिंग होमला भेट दिली. नवे फॉर्म आले होते. खाण्याच्या रकान्यात तऱ्हेतऱ्हेचं लिहिलेलं होतं: सकाळी तांदळाची पेज, शुक्रवारी मासे, डुकराचं नको, चहा दुधाचा. दिवाणखान्यात नव्वदीच्या एक पोलिश आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या रकान्यात, रविवारी बटाट्याचे पिएरोगी, असं होतं. म्हणजे कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेले करंजीसारखे तुकडे.

"मिळतात का?" मी विचारलं.

"मिळतात," त्या म्हणाल्या. "विचारतात फार गोड. पण करता येत नाहीत त्यांना. पारी जाड असते."

व्यवस्थापक माझ्याकडे बघून कसनुसा हसला. मी आजीबाईंना म्हटलं, "त्यांच्या आचाऱ्याला तुम्ही एकदा दाखवाल का?" त्यांनी आपले वाकडे झालेले हात वर करून पाहिले. "हातांनी नाही होणार. पण शेजारी बसून रागावता येईल," त्या म्हणाल्या. व्यवस्थापकानं रविवारी सकाळी दहाची वेळ लिहून घेतली.